‘चष्मो जातलो मां?’

माझ्या दवाखान्यात हा प्रश्न दारातच, चपला काढता काढता विचारला जातो. ‘डॉक्टरांनू, चष्मो जातलो मां?’ विचारणारा अजून खुर्चीत बसलेलाही नसतो. या वेळच्या पत्रांतही तोच विषय, लेझर करून चष्म्याचा नंबर घालवण्याचा, पुन्हा पुन्हा आला, म्हणून अख्खं सदर त्यालाच देते आहे.

आधी एक सांगायला हवं. कुडाळच्या माझ्या दवाखान्यात लेझरचं यंत्र नाही. मी डोळे तपासते, मोतीबिंदूची ऑपरेशनं करते आणि लेझरसाठी माणसं कोल्हापूर, पुणे, मुंबईला किंवा खाली गोव्याला पाठवते. कुणी लेझर केलं किंवा नाही केलं, तरी माझ्या मिळकतीत फरक पडत नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते तुमच्या डोळ्याकडे बघून लिहिते आहे, एवढा विश्वास ठेवा.

प्रश्न : मी देवबागची, वय २३. तारकर्ली-मालवणकडे स्कूबा गाईडचं काम करते. दोन्ही डोळ्यांचा नंबर साधारण मायनस साडेपाच. चष्मा लावून मास्क बसत नाही, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावूनच पाण्यात उतरते. या सीझनला दोनदा डोळा लाल झाला. सोबतचे म्हणतात, एकदाचं लेझर करून टाक. एका ठिकाणी तपासून घेतलं, रिपोर्ट जोडला आहे. आदल्या दिवशी बोटीवर होते म्हणून थोडी घाई झाली. करू का?

बाय, लेझरचं नंतर बोलू. लेन्स घालून समुद्रात उतरणं आजपासून बंद कर. समुद्राच्या, नदीच्या, विहिरीच्या, एवढंच काय नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये तो अडकला की कॉर्नियात शिरतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. हे इन्फेक्शन फार दुखतं, महिनोन्महिने थेंब घालावे लागतात, आणि बरं झालं तरी मागे डाग राहू शकतो. दोनदा डोळा लाल होऊन निभावलं, ते तुझं नशीब. तिसऱ्यांदा लाल झाला तर लेन्स काढ आणि त्याच दिवशी मला दाखव. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघत बसू नकोस.

डायव्हिंगचे नंबरचे मास्क मिळतात. दोन्ही काचा मायनसच्या, तयार बसवलेल्या असतात. अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात येतात, त्यामुळे साडेपाचचा मिळायला अडचण नाही. लेझर करायचं ठरलं तरी मधल्या काळासाठी तो घेऊन ठेव. आणि तो लावून तुझं काम आरामात होत असेल, तर लेझरची घाई का करायची, हेही मग शांतपणे ठरवता येईल.

आता रिपोर्ट. उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाची जाडी मधोमध ५१२ मायक्रॉन लिहिली आहे. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, म्हणजे ही काच अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त जाड आहे. लॅसिक नावाच्या लेझरच्या पद्धतीत आधी वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलतात. त्याला फ्लॅप म्हणतात, जाडी साधारण ११० मायक्रॉन. मग खालच्या भागावर लेझर मारून एकेका नंबरमागे बारा ते पंधरा मायक्रॉन कॉर्निया काढतात. पंधराने धरलं तर तुझ्या साडेपाचला ऐंशीच्या वर गेले. ५१२ मधून ११० वजा, मग ८२ वजा, खाली ३२० उरले. खाली निदान २५० उरलेच पाहिजेत असं मानतात, आणि सांभाळून काम करणारे सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत. कागदावर तू या हिशोबात बसतेस.

पण मला हा कागद मान्य नाही. तूच लिहिलं आहेस की तपासणीच्या आदल्या दिवशी तू बोटीवर होतीस. म्हणजे लेन्स काढून एक रात्रसुद्धा नीट झाली नव्हती. लेन्स कॉर्नियाला दाबून बसते आणि तिचा आकार थोडा बदलते. मऊ लेन्स असेल तर निदान एक-दोन आठवडे, कडक असेल तर तीन-चार आठवडे ती काढून ठेवल्याशिवाय ना नंबर खरा येतो, ना कॉर्नियाचा नकाशा. ज्यांनी तपासलं त्यांनी हे विचारायला हवं होतं. लेन्स बंद करून पंधरा दिवसांनी, कडक असेल तर महिन्याने, पुन्हा तपासून घे, आणि कॉर्नियाच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बाजूंचा नकाशा काढायला सांग. नुसत्या पुढच्या बाजूच्या नकाशाला टोपोग्राफी म्हणतात, दोन्ही बाजूंच्या नकाशाला टोमोग्राफी. लेझरच्या सगळ्या तपासण्यांत माझ्या लेखी हा कागद सर्वांत मोलाचा. का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिते.

तुझ्यासाठी दुसरी तपासणी अश्रूंची. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं ठेवतात. दहा मिलिमीटरहून जास्त भिजली तर ठीक, पाचच्याही आत राहिली तर डोळा कोरडा. लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने डोळे कोरडे पडणं बहुतेकांना सोसावं लागतं. सहा महिने ते वर्षभरात ते बहुतेकांचं ओसरतं, काहींचं रेंगाळतं. तू दिवसभर बोटीवर, खाऱ्या वाऱ्यात आणि पाण्यावरून डोळ्यांत येणाऱ्या उन्हात असतेस. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं आताच होत असेल तर आधी त्यावर उपचार, लेझर मागाहून.

आणि पद्धत कोणती? तुझ्या कामात मास्कमध्ये पाणी शिरणं ही रोजची गोष्ट आहे. नवख्या माणसाचा पाय लागतो, सिलिंडर आपटतो. लॅसिकचं ते झाकण कडेने भरून येतं, पण पहिल्याइतकं घट्ट कधीच बसत नाही. जोराचा मार लागून काही वर्षांनीही ते सरकल्याची उदाहरणं आहेत. म्हणून तुझ्यासाठी सर्जनला झाकण नसलेल्या पद्धतींबद्दल विचार. पीआरकेमध्ये कॉर्नियाची वरची साल खरवडून पृष्ठभागावरच लेझर मारतात. चार-पाच दिवस दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं, दृष्टी सावकाश स्वच्छ होते. पण झाकण नाही म्हटल्यावर सरकण्याचा प्रश्नच मिटतो. स्माईलमध्ये आतल्या आत भिंगासारखी चकती कोरतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढतात. दोन्ही चांगल्या आहेत. तुझ्या कॉर्नियाला कोणती मानवेल ते नकाशा बघूनच सांगता येईल.

सगळं जुळलं तर वेळ पावसाळ्याची धर. सीझन संपलेला असतो, पाण्यातलं काम बंद असतं, हवेत ओल असते. ऑपरेशननंतर निदान महिनाभर डायव्हिंग नाही, म्हणजे नाही. जूनमध्ये केलंस तर ऑक्टोबरपर्यंत भरपूर अवधी मिळतो. गावात डोळे आल्याची साथ असेल तर मात्र पुढे ढकल. दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवता येत नाही, म्हणून कोल्हापुरात किंवा जिथे करशील तिथे दोन रात्री राहायची सोय बघ. त्याच दिवशी घाट उतरून, एसटीच्या उघड्या खिडकीत बसून परत येऊ नकोस.

प्रश्न : वय २०, कणकवलीजवळ चिरेखाणीवर हिशोब लिहितो. लहानपणापासून डोळ्यांना खाज येते, चोळल्याशिवाय बरं वाटत नाही. दोन वर्षांत तीन वेळा चष्मा बदलला, सिलिंडरचा नंबर दीडवरून पावणेचारवर गेला. नवीन चष्म्यानेही डावीकडे नीट दिसत नाही. भरतीची तयारी करतोय. लेझरने सगळं एकदम सुटेल का?

तुझं पत्र वाचल्यावर मी दुसरी पत्रं बाजूला ठेवली. या महिन्यातच टोपोग्राफी करून घे. लेझरचा विचार तूर्त मनातून काढून टाक.

खाज, चोळणं, झपाट्याने वाढणारा सिलिंडर (म्हणजे कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा नंबर), आणि चष्म्यानेही पूर्ण न सुधारणारी नजर. वीस वर्षांच्या मुलात या चार गोष्टी एकत्र दिसल्या की मला केराटोकोनसची शंका येते. यात कॉर्निया मध्याजवळ पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. चोळण्याने तो आणखी बिघडतो. अशा कॉर्नियावर लेझर मारून त्याची जाडी आणखी कमी करणं म्हणजे कमकुवत भिंतीचे चिरे काढण्यासारखं आहे. खाणीवर आहेस, तुला हे वेगळं समजवायला नको.

शंका खरी निघाली तर उपाय आहे. क्रॉसलिंकिंग नावाच्या उपचारात बी-२ जीवनसत्त्वाचे, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडतात. त्याने कॉर्नियाचे धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात आणि आजार बहुतेक वेळा आहे तिथे थांबतो. गेलेला आकार पूर्ण परत येत नाही आणि नंबरही जात नाही. चांगलं दिसण्यासाठी मग खास कडक लेन्स बसवतात. म्हणून तर लवकर ये म्हणते. जेवढं शाबूत असताना थांबवू तेवढं हातात राहतं.

तोवर चोळणं बंद. खाज आली की थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर ठेव. खाजेचे थेंब डॉक्टरांकडूनच घे. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेल्या थेंबांत स्टेरॉईड असू शकतं, आणि ते महिनोन्महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. खाणीवर चिरा कापताना लाल धूळ उडते, तिथे कडेने बंद असलेला साधा प्लॅस्टिकचा गॉगल लाव. धाकटी भावंडं असतील तर त्यांचेही डोळे दाखव. हा आजार घराण्यात आढळतो.

तुझ्या पत्राने मला माझी एक पेशंट आठवली. तिनं दूरच्या शहरात, एका सवलतीच्या शिबिरात लेझर करून घेतलं होतं. आधी नंबर काढला, डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, संपलं. नकाशा काढल्याचा कुठलाही कागद तिच्याजवळ नव्हता. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी रात्री समोरच्या गाडीचा एक दिवा तिला तीन दिसायला लागला. माझ्याकडे आली तेव्हा दोन्ही कॉर्निया पुढे आलेले होते. आज ती मोठी कडक लेन्स रोज सकाळी घालते, रात्री काढते. तिच्या डोळ्यात हा दोष मुळात दडलेला होता, आणि नकाशा नीट बघितला असता तर तो दिसण्याची दाट शक्यता होती. ती माझ्यासमोर रडली ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून जो लेझरचं नाव काढेल त्याला मी आधी नकाशा दाखव म्हणते.

भरतीचं म्हणशील तर जाहिरातीतले वैद्यकीय नियम अक्षर न् अक्षर वाच. प्रत्येक दलाचे, प्रत्येक पदाचे वेगळे असतात आणि बदलतातही. पण तुझ्यासाठी सध्या डोळा पहिला.

प्रश्न : देवगडला आमची आंब्याची बाग आहे. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजला आहे. नंबर मायनस तीन, दर वर्षी थोडा वाढतो. आता स्थळं बघायला सुरुवात करायची म्हणतोय. चष्म्याचं कुणी काही बोलायला नको, म्हणून यंदा आंब्याचे पैसे आले की लेझर करून टाकावं असं घरात चाललंय. योग्य ठरेल ना?

वहिनी, यंदा नको. नंबर अजून वाढतो आहे हे तुम्हीच लिहिलं आहे. लेझर आजच्या नंबरवर होतं. पुढच्या वर्षी डोळ्याची लांबी आणखी वाढली तर नवा नंबर येईल आणि पुन्हा चष्मा लागेल. अठरा पूर्ण झाली म्हणजे डोळा तयार झाला असं होत नाही. वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन चिठ्ठ्यांत अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नसला पाहिजे. आजपासून प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. मला विचाराल तर मायनसचा नंबर वाढता असताना मी एकवीस-बावीसपर्यंत थांबायला सांगते.

दुसरी गोष्ट लग्नाच्या हिशोबात कुणी धरत नाही. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना लेझर करत नाहीत. हार्मोन्समुळे तेव्हा नंबर हलतो, कोरडेपणा वाढतो, नंतर लागणाऱ्या औषधांचाही प्रश्न असतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आधीच सांगायच्या, डोळे फार कोरडे करतात.

आणि तिसरी. अख्ख्या पत्रात तुमच्या मुलीला काय हवं आहे त्याचं एक वाक्यही मला सापडलं नाही. डोळा तिचा आहे. थेंब तिला घालायचे आहेत, कोरडेपणा तिला सोसायचा आहे. तिला चष्म्याचा जाच होत असेल तर ती तसं म्हणेल, आणि मग मी तिच्या बाजूने उभी राहीन. होत नसेल तर मायनस तीनचा चष्मा हे काही व्यंग नव्हे. तिला एकदा माझ्याकडे पाठवा, शक्य असेल तर एकटी. मी तिचं ऐकून घेईन. पाहायला आलेल्यांपैकी कुणी चष्म्यावरून नापसंती दाखवली तर ती माणसं कशी आहेत ते लग्नाआधीच कळलं, असं मी माझ्या मुलीच्या बाबतीत समजले असते.

प्रश्न : चिपळूण. कबड्डी खेळतो, नंबर मायनस दोन. लेझरनंतर खेळता येईल का? आणि माझ्या मित्राला रंग ओळखता येत नाहीत, त्याला मर्चंट नेव्हीत जायचं आहे. त्याचा दोष लेझरने जातो का?

कबड्डीत बोटं, कोपरं तोंडावर येणारच. तेव्हा झाकण काढायची पद्धत तुला नको. नंबर कमी आहे, कॉर्निया चांगला असेल तर पीआरके तुला शोभेल. नंतर काही महिने उन्हात चांगला गॉगल लावायचा, नाहीतर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो. मैदानात कधी उतरायचं ते सर्जनना विचारूनच ठरव.

मित्राचं उत्तर नाही असं आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी डोळ्याच्या मागच्या पडद्यात असतात आणि लेझर होतं पुढच्या काचेवर. कुणी ‘करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रवेशाची फी भरण्याआधी रंगांची तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घ्या.

प्रश्न : राजापूर. मी शिक्षक, वय ४७. तीस वर्षं मायनस अडीचचा चष्मा. आता वाचताना तो काढावा लागतो, वर्गात शंभरदा काढ-घाल होते. निवृत्तीआधी चष्म्यापासून कायमची सुटका करून घ्यावी म्हणतो.

सर, वाचताना तुम्ही चष्मा काढता, ही तुमच्या डोळ्याची मोठी देणगी आहे. मायनस अडीचचा डोळा बिनचष्म्याचा असताना चाळीस सेंटिमीटरवर नेमका स्पष्ट बघतो. पुस्तक धरायचं अंतर तेच. तुमच्या वयाचे बाकीचे सगळे शर्टाच्या खिशात चाळिशीचा चष्मा घेऊन फिरतात, तुम्हाला तो लागत नाही.

लेझरने मायनस अडीच पुसलं की लांबचं स्वच्छ होईल, आणि त्याच दिवशी पेपर, वह्या, मोबाईल, औषधाच्या पाकिटावरची तारीख सगळं धूसर होईल. चाळिशी ही डोळ्यातलं भिंग कडक झाल्याने येते, कॉर्नियावर लेझर मारून ते भिंग पुन्हा मऊ होत नाही. म्हणजे काढ-घाल तशीच राहील, फक्त उलटी होईल. वह्या तपासताना चष्मा घालायचा, फळ्याकडे बघताना काढायचा.

एक मधला मार्ग आहे. एक डोळा लांबचा करायचा, दुसरा थोडा मायनस ठेवून जवळचा. मेंदू लागेल तो डोळा वापरतो. काहींना हे इतकं जमतं की ते विसरून जातात, काहींना आठवड्यात डोकं दुखतं. तुम्ही रात्री हायवेवरून मोटरसायकल चालवत असाल तर अंतराचा अंदाज थोडा चुकतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून कायमचं काही करण्याआधी हीच व्यवस्था कॉन्टॅक्ट लेन्सने दोन-तीन आठवडे करून बघा. त्यात वर्गात शिकवा, बाजारात जा, रात्री गाडीवर बसा. नाही पटलं तर लेन्स काढून टाकायची, नुकसान शून्य.

मला विचाराल तर तुम्ही थांबावं. पुढे कधीतरी मोतीबिंदू होईल, तेव्हा डोळ्यात बसवायचं भिंग निवडतानाच तुमचा नंबर दुरुस्त करता येईल. आणि तेव्हा लेझर न झालेला कॉर्निया असला तर भिंगाचं गणित जास्त बिनचूक येतं. तोवर प्रोग्रेसिव्ह काचेचा, म्हणजे वरच्या भागातून लांबचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसणारा चष्मा करून बघा. सवय व्हायला पंधरा दिवस लागतात, जिन्यावरून उतरताना सांभाळा.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून आजी. नातवाने सगळ्या तपासण्या केल्या, डॉक्टर हो म्हणाले. पण लेझर म्हणजे आगच ना? डोळो जळणार नाय?

आजी, जळणार नाही. १९८१ साली न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाऊन हाइट्स इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत तीन शास्त्रज्ञ एक्झायमर लेझरवर काम करत होते. त्यातले एक, रंगास्वामी श्रीनिवासन, जन्माने भारतीय. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की पक्ष्याचं जेवण असतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेलं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर हा लेझर मारला. रेघ स्वच्छ कापली गेली आणि कडेचं मांस जराही करपलं नाही. हे किरण १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे. ते रेणूंमधले बंध तोडतात, आजूबाजूला उष्णता पसरू देत नाहीत. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर हाच लेझर कॉर्नियावर वापरून दाखवला. तिथून आजचं ऑपरेशन आलं.

बधिर करायचे थेंब घालतात, सुई नाही. लेझर मारतात तेव्हा हलका वास येतो, त्याने घाबरू नको म्हणून नातवाला आधीच सांगून ठेवा. तो घरी आला की एकच काम तुमच्याकडे : झोपेत त्याने डोळे चोळू नयेत म्हणून दिलेली प्लॅस्टिकची ढाल रात्री लावली आहे ना, ते बघायचं.

प्रश्न : मालवण. राग मानू नका, पण तुम्ही स्वतः डोळ्यांच्या डॉक्टर असून एवढा जाड चष्मा का लावता? लेझरवर तुमचाच विश्वास नाही का?

राग कसला, हे विचारायलाच हवं. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसात. २००९ मध्ये मी लेझर करायचं नक्की केलं होतं. मुलगा लहान होता, रात्री उठून आधी चष्मा शोधायचा आणि मग त्याला घ्यायचं, याचा कंटाळा आला होता. पुण्याला गेले, एका ज्येष्ठ सर्जननी सगळं तपासलं. कॉर्नियाची जाडी ४७८. वर जे गणित मांडलं तेच माझं करून बघा : झाकणाचे ११०, साडेसात नंबरचे ११२, खाली २५६. शिवाय नकाशात मागच्या बाजूला खालच्या अंगाला हलकासा फुगवटा. आजार म्हणण्याइतका नाही, पण निर्धास्त सोडण्याइतकाही नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘तुम्हीच सांगा, तुमची पेशंट असती तर?’ मी चष्मा लावून परतीच्या गाडीत बसले. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज त्या नकाराबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यांनी आयसीएलचाही पर्याय दिला होता. त्यात कॉर्नियाला हात न लावता, डोळ्यातलं आपलं भिंग तसंच ठेवून त्याच्या पुढे एक पातळ भिंग बसवतात. जास्त नंबर आणि पातळ कॉर्निया असलेल्यांना हा चांगला मार्ग आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी जागा लागते, कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी मोजाव्या लागतात आणि दर वर्षी तपासणी ठेवावी लागते. माझी जागा काठावर होती, म्हणून मी तोही घेतला नाही. माझ्याकडून पाठवलेल्या कित्येक जणांनी घेतला आहे आणि ते खूश आहेत. लॅसिक, पीआरके करून आलेलेही खूश आहेत. माझा लेझरवर विश्वास आहे. माझ्या कॉर्नियावर नाही.

जाता जाता माझ्याच डोळ्यावरून एक सांगते, कारण चष्मा गेलेले लोक हे हमखास विसरतात. मायनसचा डोळा मागेपुढे लांब असतो, त्यामुळे त्याचा मागचा पडदा ताणलेला असतो. लेझर फक्त पुढची काच बदलतं. डोळा लांबचा लांबच राहतो, आणि पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोकाही तेवढाच राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात पडद्याच्या कडेला एक भोक सापडलं. त्याच्याभोवती लेझरचं कुंपण घालून घेतलं. तो लेझर वेगळा, चष्म्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा चष्मा गेला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघून घ्या. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेसमोर बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोहोचा.

आणि लेझर करून घ्याल तर त्याआधीची फाईल टाकू नका. आधीचा नंबर, आधीची जाडी, नकाशा, कोणती पद्धत, किती मायक्रॉन काढले, सगळं. कॉर्निया पातळ झाला की डोळ्याचा दाब मोजताना तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि जुने आकडे ठाऊक नसलेल्या डॉक्टरकडून काचबिंदू नजरेआड राहू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी तर हे आकडे सोन्याच्या मोलाचे. आमच्याकडच्या ओल्या हवेत कागदाला बुरशी धरते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढा.

पुढच्या वेळी पत्र पाठवताना वय, काम काय करता, आणि गेल्या दोन वर्षांतल्या चष्म्याच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडा. नकाशा काढला असेल तर रंगीत प्रत पाठवा, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर मला काहीच वाचता येत नाही.